दिवसाउजेडीचं बंड

मराठी रंगभूमीच्या इतिहासात शांतीशेठचं स्थान अढळ आहे. त्या इतिहासात ते कुठेच नाहीत, आणि तिथून त्यांना अजून कुणी हलवलेलं नाही.

लोणीत त्यांचं किराणा दुकान होतं. यात्रेच्या नाटकात ते बंडकरी नाईक व्हायचे आणि मी, शाळेत इंग्रजी शिकवतो म्हणून, गोरा साहेब. नाटक भर दुपारी असे. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही हा शेठच्या जैन घरातला नेम. त्यामुळे साहेबाचा खजिना चारला लुटला जाई आणि साडेपाचला नाईक ताटावर बसे. कुणी हसलं की शेठ म्हणत, "अंधारात केली ती चोरी, राव. बंड उजेडात करायचं."

नाटकात शेवटी नाईकाला फाशी होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, पहिल्याच प्रयोगात, शेठनी गळ्यातला फास काढून खाली उडी मारली आणि वरातीच्या भाड्याच्या घोडीवर टांग टाकली. हलगी ऐकून घोडी नाचू लागली, त्यामुळे पसार व्हायला बराच वेळ गेला.

"शेठ, मरायचं व्हतं!" मी ओरडलो.

"मरंन की! पर तुज्या हातनं न्हाई, साहेबा!"

टाळ्या थांबेनात. त्यानंतर शेठचा नाईक कधी मेला नाही.

पुढे गावात मोबाईल आले आणि यात्रा कमिटीला नवे अध्यक्ष. ते बैठकीत म्हणाले, "शेठ, औंदा नाईक आमच्या भावकीतला. तुमी दुकानदार मानूस. अन् नाटक राती, लायटीत."

शेठनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. मीच ते कधीतरी दिलं होतं. काउबॉयच्या चित्रपटांत अमेरिकेतल्या आदिवासींचा नायक म्हणून जन्मभर गाजलेल्या एका सर्बियन नटाबद्दल होतं.

"ह्यो सर्बियाचा. तिथनं अमेरिका किती लांब? त्याला कुनी भावकी इचारली व्हती का?"

"त्याचं दुकान व्हतं का?" अध्यक्ष म्हणाले.

"नसंल. म्हनून तर पिच्चर करावं लागलं बिचाऱ्याला."

सगळे हसले, पण शेठच्या हातून नाईक गेलाच.

यात्रेच्या दुपारी मात्र ते फेटा बांधून एकटेच पारावर चढले. "कुठं लपलाय साहेब?" त्यांनी गर्दीत हाक मारली. मी हॅट पिशवीत घेऊनच आलो होतो. माणसं जमली, अध्यक्षांची आई पुढे बसली. फास अडकवताना मी विचारलं, "शेवटची इच्छा?"

"पुढल्या साली हितंच. ह्याच येळंला."

साठीत उडी जमेना, तेव्हा नाईक पाराच्या पायऱ्या उतरून पसार झाला.

रात्री अध्यक्षांच्या नाटकात मोजक्याच माणसांपुढे नाईक नियमाप्रमाणे फासावर गेला. पुढच्या वर्षीपासून नाटक पुन्हा दुपारी होऊ लागलं, आणि शेठ जाईपर्यंत नाईक तेच होते.

त्यांच्या शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, गावाने खरा बंडकरी गमावला. आणखी सहा जणांना बोलायचं होतं, पण सभा साडेपाचला आटोपली. शेठच्या घरच्यांना जेवायचं होतं.