आलोइस म्हणाले, ‘श्मेक निक्स’

ग्लास नाकाशी नेला आणि मला दवाखाना आठवला.

टेबलाभोवती आम्ही पाच जण होतो. कुणी बोलत नव्हतं. बोलायचं नसतंच. सगळ्यांचं मत लिहून होईपर्यंत हूं की चूं करायचं नाही, चेहरासुद्धा कोरा ठेवायचा. एकाचं तोंड वाकडं झालेलं दिसलं की दुसऱ्यालाही तेच जाणवायला लागतं. मी पुन्हा वास घेतला. केळं होतं, लवंग होती, आणि त्यांच्यामागे जखमेवरची चिकटपट्टी सोलताना येतो तो वास.

बर्लिनमधल्या एका छोट्या ब्रुअरीत मी सेन्सरी सांभाळते. बिअर बाटलीत भरण्याआधी ती नाकाला आणि जिभेला कशी लागते, हे तपासायचं. पीएचडी यीस्टवर केली, तिथून इथे आले. टेस्टिंग सकाळी असतं, जेवणाआधी, कारण तेव्हा नाक तल्लख असतं. सकाळी बिअर पिण्याचा पगार मिळतो म्हटलं की लोक हसतात. सासूबाई नातेवाइकांना ‘ती फूड कंपनीत आहे’ एवढंच सांगतात. ते खोटंही नाही.

त्या दिवशी टेबलावर वाइत्सनबॉक होती. वाइत्सन म्हणजे गहू आणि बॉक म्हणजे कडक बिअर. रंगाने गढूळ, काकवीच्या जवळ जाणारी, आणि नेहमीच्या बिअरपेक्षा बरीच जोरकस. ही घटाघटा प्यायची नसते. ग्लास तळहातात धरून जरा कोमट होऊ द्यायचा, मग वास मोकळा होतो. वाइनसारखी थुंकायचीही नाही. घोट गिळल्यावर घशातून वर नाकात जो वास चढतो, त्यातच निम्मी बिअर असते. पिकलेलं केळं आणि लवंग हे तिचे दोन मुख्य वास. बिअरमध्ये केळं घातलेलं नसतं आणि लवंगही नसते. दोन्ही करामत यीस्टची.

लिहून झालं आणि बोलणं सुरू झालं. मी म्हणाले, “दवाखाना.” लॅबमधला योनास म्हणाला, “मलाही किंचित वाटतंय.” बाकीचे दोघे म्हणाले, लवंग थोडी जास्त आहे, पण या बिअरमध्ये ती शोभते. कंपनीची मालकीण काट्रिन आमच्या मागे उभी होती. तिला घाई होती. थंडीच्या दिवसांत हीच बिअर खपते आणि बॉटलिंग दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेलं होतं.

“वैशाली, तूच म्हणाली होतीस ना,” काट्रिन म्हणाली, “तुमच्याकडे लवंग म्हणजे दातदुखी.”

म्हणाले होते खरी. लहानपणी दाढ दुखली की आई लवंगेचं तेल लावलेला कापूस दाताखाली धरायला द्यायची. जर्मन माणसाला लवंगेने नाताळचा केक आठवतो, मला डेंटिस्ट. माझंच नाक भलतीकडे जात असेल, असं मलाही वाटून गेलं.

आता राहिले आलोइस. आलोइस आमचे ब्राउमाइस्टर, म्हणजे बिअर घडवणारे मुख्य उस्ताद. दक्षिणेकडच्या आल्गॉयमधल्या खेड्यातून तरुणपणी बर्लिनला आले, पण बोली तिकडचीच राहिली. माझं नाक घडवलं ते त्यांनी. जर्मनमध्ये आम्ही सगळे एकमेकांना ‘डू’ म्हणतो, म्हणजे ‘तू’. पण मनातल्या मनात मी त्यांना ‘तुम्ही’च म्हणते, म्हणून इथेही तसंच लिहिते. टेबलावर मतं विभागली की शेवटचा शब्द त्यांचा, हा तिथला अलिखित नियम होता.

त्यांनी ग्लास पुन्हा उचलला. बराच वेळ नाकाखाली धरला. एक घोट घेतला, गिळला. मग खाली टेबलाकडे पाहत म्हणाले, “ई श्मेक निक्स.”

‘श्मेकन’ म्हणजे चव लागणं, हे मी पुण्यात जर्मनच्या क्लासला पहिल्याच महिन्यात शिकले. मला काही लागत नाही, म्हणजे दोष लागत नाही.

“ना आल्झो! झालं तर मग!” काट्रिनने टाळी वाजवली. “आलोइसना काही सापडत नाही. उद्या भरा.”

सगळ्यांनी ग्लासला ग्लास लावले. आलोइसनीही लावला. लावताना एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, ही इथली रीत. आलोइसनी कुणाकडेच पाहिलं नाही. मला ते खटकलं, पण वाटलं, दमले असतील.

जेवण मला गेलं नाही. मी पुन्हा टाकीकडे गेले, ताजा नमुना काढला आणि वास घेतला. दवाखाना होताच. अशा वासामागे बहुतेक वेळा क्लोरीन असतं. गव्हाच्या बिअरमध्ये लवंगेचा वास देणारा पदार्थ मुळातच भरपूर असतो. पाइप धुण्याच्या औषधातलं थोडं क्लोरीन त्याला भेटलं, तर लवंगेची चिकटपट्टी व्हायला वेळ लागत नाही. मी कामगारांकडे चौकशी केली. पुरवठादाराने त्या आठवड्यात धुण्याचं औषध बदललं होतं आणि नव्या औषधाला जास्त पाणी मारावं लागतं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

म्हणजे माझं नाक बरोबर होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. मला आलेला वास आलोइसना न येणं शक्यच नव्हतं.

ते तळघरात टाक्यांचं प्रेशर बघत होते. मी ग्लास त्यांच्यापुढे धरला.

“आलोइस, पुन्हा एकदा बघता? यात तुम्हाला खरंच काही नाही सापडलं?”

“सांगितलं ना मी. श्मेक निक्स.”

“मला तर दवाखान्याचा वास येतोय. आणि पाइपमध्ये क्लोरीन राहिलंय, हे आत्ताच कळलं.”

त्यांनी ग्लास घेतला नाही. टाकीला पाठ टेकून उभे राहिले.

“वैशाली,” ते म्हणाले, “आमच्याकडे नाकानेही श्मेकन करतात.”

मला कळलं नाही.

“आल्गॉयमध्ये चवीला श्मेकन आणि वासालाही श्मेकनच. फूल श्मेकन करतं, गोठा श्मेकन करतो. मी म्हणालो, मला वास येत नाही. कसलाच येत नाही. गेल्या हिवाळ्यात तो ताप येऊन गेला, तेव्हापासून.”

त्यांना सर्दी झाली, मग ताप आला, मग ते कामावर परतले, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वास परत आला नाही, हे फक्त त्यांना एकट्याला. इतके महिने ते आमचे चेहरे वाचून, जिभेवर कडू-गोड किती हे बघून आणि अनुभवाच्या जोरावर वेळ मारून नेत होते. वाइत्सनबॉक ही त्यांची स्वतःची बिअर. तिच्या बाबतीत तसं करणं त्यांना जमेना.

“आठवडाभर धीर गोळा करत होतो,” ते म्हणाले. “सगळ्यांसमोर एकदाच सांगून टाकायचं ठरवलं. सांगितलं. वाटलं, आता कुणीतरी विचारेल, कधीपासून? तर तुम्ही ग्लास उचललेत.”

“मग तेव्हाच का नाही म्हणालात?”

“दुसऱ्यांदा म्हणवेना.”

मला रडू आलं. त्यांनी खिशातला रुमाल काढून दिला, वर म्हणाले, “स्वच्छ आहे. बहुतेक. मला वासावरून कळत नाही.” आम्ही दोघंही हसलो.

डोळे पुसून मी म्हणाले, “काट्रिनला सांगावं लागेल.”

“बिअरचं तू सांग,” ते म्हणाले. “नाकाचं मी सांगतो.”

वर ऑफिसात मी क्लोरीनचं सांगितलं. काट्रिन आधी चिडली, मग तिने बॉटलिंगवाल्यांना फोन करून उद्याचं काम थांबवलं. तिचा फोन ठेवून होईपर्यंत आलोइस दारात थांबले. मग पुढे येऊन म्हणाले, “इश रीशं निश्ट्स मेअर.” शुद्ध, पुस्तकी जर्मन. मला आता वास येत नाही. आल्गॉयचा एकही सूर त्यात नव्हता. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून तसं जर्मन ऐकलं नव्हतं.

काट्रिन खुर्चीत बसली. “कधीपासून?” तिने विचारलं.

त्यांनी डोळे मिटले. सकाळपासून ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो आता आला होता.

ती सगळी बॅच ओतून दिली. आलोइसनी नोकरी सोडली. काट्रिनने त्यांना शिकाऊ लोकांना शिकवायला थांबा म्हणून खूप विनवलं. ते म्हणाले, “जे मला येत नाही ते मी दुसऱ्याला कसं दाखवू?” त्यांचं म्हणणं मला पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही. जिभेवरचा कडवटपणा, घशातली ऊब, बिअरचं अंग म्हणजे तोंडात जाणवणारा तिचा भरीवपणा, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. पण निर्णय त्यांचा होता.

नवी वाइत्सनबॉक तयार झाली, तेव्हा ते एकदा येऊन गेले. मी त्यांच्यासाठी ग्लास भरला. बाटलीच्या तळाशी राहिलेलं यीस्ट गोल फिरवून, वरून, त्यांनी शिकवलं होतं तसं. त्यांनी घोट घेतला.

“अंग चांगलं आहे. कडवटपणा बरोबर. आता वास सांग.”

“केळं. आमच्या वेलची केळ्यासारखं, सालीवर काळे ठिपके पडलेलं. त्यामागे लवंग, पण दातदुखीवाली नाही. आणि पाव.”

“पावाचा मऊ भाग की कड?”

मला पुन्हा वास घ्यावा लागला. “कड.”

“गुट,” ते म्हणाले आणि ग्लास संपेपर्यंत बसले. निघताना त्यांनी सगळ्यांशी हात मिळवला. पुन्हा ते आले नाहीत.

आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात की टेबलावर दुसऱ्याच्या बोलण्याने आपलं मत बदलू द्यायचं नाही. आम्ही ते तंतोतंत पाळायचो. दुसरा काय बोलला ते ऐकायचं असतं, हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं.