मालकाची आंघोळ

कमलताई कुणाच्याही घरी गेल्या की चहाच्या आधी बाथरूममध्ये शिरायच्या आणि नळाला उलटा हात लावायच्या. बारशाला गेल्या तरी तेच. घरातली बाई ओशाळून विचारायची, "काय हो, पाणी येत नाहीये का?"

"पाणी येतंय," ताई म्हणायच्या. "आणखी काही येतंय का ते बघते."

नळात वीज उतरली असेल तर सरळ हाताची मूठ आवळते आणि नळ सुटत नाही. उलटा हात मागे झटकला जातो. हे ज्ञान त्यांना माझ्यामुळे मिळालं.

बाळकुमला वडिलांनी भातशेतीच्या जागेवर बांधलेल्या खोल्या मी भाड्याने देतो. त्यातल्या एका खोलीत कमलताई आणि त्यांची दोन मुलं राहायची, नितीन आणि सुप्रिया. ताई मूळच्या राजापूरकडच्या, वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामाला, बोलायला फटकळ. मला 'भाऊ' म्हणायच्या. एका सकाळी अंगणात गाठून म्हणाल्या, "भाऊ, गीझर लावला की नळाला हात लावताच मुंग्या येतात. बघा ना जरा."

गीझर मीच बसवून घेतला होता. अर्थिंगची वायर जोडायची राहिली होती आणि मी ती राहू दिली होती. मी हसत म्हणालो, "चप्पल घालून आंघोळ करा, ताई. काही होत नाही."

पुढच्याच आठवड्यात नितीन गेला. नुकतीच नोकरी लागलेला मुलगा. दार तोडलं तेव्हा त्याची मूठ नळावरच होती. पायात चप्पल होती.

पोलिसांनी विचारलं, "आधी काही तक्रार?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "मला कुणी बोललंच नाही."

कमलताई तिथेच उभ्या होत्या. "बोलले होते मी," एवढंच म्हणाल्या. पण त्या सकाळी अंगणात त्यांचं बोलणं ऐकणारा मी एकटाच होतो. अपघात म्हणून प्रकरण मिटलं. खोली सोडताना त्या मला पहिल्यांदा 'मालक' म्हणाल्या. "मालक, तुमचं पोलिसांशी मिटलं. माझ्याशी नाही."

ताई सुप्रियाला घेऊन टिटवाळ्याला राहायला गेल्या. सुट्टीच्या दिवशी मात्र बाळकुमला येऊन आमच्या चाळीच्या तोंडाशी बसायच्या. खोली बघायला कुणी आलं की त्याला स्वतः बाथरूमपर्यंत न्यायच्या. "इथे माझा मुलगा गेला. मालकाला सांगितलं होतं." माणूस चप्पल घालून परत जायचा. खोली रिकामी राहिली, मग शेजारचीही.

माझी आई एकदा त्यांच्या पाया पडायला गेली. "माफ कर गो बाय, माज्या पोराला."

ताईंनी तिला हात धरून उठवलं. "आई, तुमचा पोरगा रोज आंघोळ करून बाहेर येतो ना? मग तुम्ही नका रडू."

शेवटी मी सगळ्या खोल्यांना अर्थिंग करून घेतलं, विजेची जराशी गळती झाली तरी ती लगेच तोडणारे स्विच बसवले, आणि इलेक्ट्रिशियनलाच त्यांच्यासमोर उभं केलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"द्या भाड्याने," त्या मला म्हणाल्या. "पण नवीन भाडेकरू आला की त्याच्या आधी तुम्ही आंघोळ करायची. गीझर चालू ठेवून, नळ सरळ हाताने धरून. मी बाहेर उभी राहणार."

"एवढंच?" मी म्हणालो. सुटलो असंच वाटलं मला.

पण आत जाऊन कडी लावली आणि इलेक्ट्रिशियनवरचा सगळा विश्वास उडाला. हात नळापर्यंत जायचा आणि परत यायचा.

"मालक, धरला का?" बाहेरून आवाज.

"धरतो, ताई."

"उलटा हात नको. सरळ. नितीनने सरळच धरला होता."

मग हे कायमचंच झालं. भाडेकरू बदलला की चाळीतल्या बायका त्यांना फोन करायच्या आणि त्या टिटवाळ्याहून यायच्या, गुडघे दुखत असले तरी. बाजारात भेटल्या तर चार लोकांत विचारायच्या, "काय मालक, आंघोळ झाली का?" लोक हसायचे. मीही हसल्यासारखं करायचो. एकदा धीर करून म्हणालो, "ताई, आता तरी सोडा मला."

"नितीनला नळाने सोडलं का?" त्या म्हणाल्या, आणि भाजीवालीकडे वळून मेथीची जुडी निवडू लागल्या.

गेल्या महिन्यात सुप्रियाचा फोन आला. "आई गेली. तुम्ही या." स्मशानातून आम्ही टिटवाळ्याच्या घरी परतलो. पुरुषमंडळी आंघोळीसाठी खोळंबली होती. सुप्रियाने सगळ्यांदेखत माझ्या हातात टॉवेल दिला. "आई सांगून गेलीय. पहिली आंघोळ तुमची."

ते घरही भाड्याचं. तिथला मालक कोण, त्याला कुणी मुंग्यांचं सांगितलं होतं का, आणि तो काय म्हणाला होता, मला काहीच माहीत नव्हतं. गीझरचा लाल दिवा आधीच पेटलेला होता. मी कडी लावली. नळाकडे जाताना हात आपोआप उलटा झाला.

"मालक," बाहेरून सुप्रियाचा आवाज आला, अगदी आईसारखा. "धरला का? सरळ?"

मी हात सरळ केला.