आत्याच्या जिराफाची तारीख

संध्याकाळचे सहा वाजले की माझी आत्या स्वेटरच्या कारखान्याचा मेन स्विच खाली करते. आत कोणी आहे का, काही चालू आहे का, असलं काही विचारायची तिची पद्धत नाही. कट्कन आवाज होतो, अंधार पडतो, आणि अंधारातून ती म्हणते, "चला, चपला घाला." पूर्वी कधीतरी कोणीतरी इस्त्रीचा प्रेस चालू ठेवून घरी गेलं आणि लोकरीचा अख्खा साठा जळाला. तेव्हापासून कुलपाची चावी तिच्याकडे आणि स्विचही तिच्याकडे. मालकसुद्धा पावणेसहाला बॅग आवरायला घेतात.

हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी तिच्या कारखान्यातलं ते काम अंगावर घेतलं, याला काय म्हणावं!

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, राहते आमच्याच घरी, आणि घरातल्या प्रत्येकाला सुनावण्याचा हक्क तिने कोणाला न विचारता घेतलेला आहे. कारखान्यात ती लोकर गुंडाळायला लागली, मग विणायच्या मशीनवर आली. पुढे पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला हात लावायला कोणी धजेना, म्हणून ती त्याच्यापुढे जाऊन बसली. ती अजून उठलेली नाही. बदकं, जहाजं, पानं, बर्फाचे तारे, स्वेटरवर जे जे येतं ते तिने त्या पडद्यावर एकेक चौकोन भरून काढलंय.

यंदा मालकांनी नवी मशीन घेतली आणि तिच्याबरोबर नवा कॉम्प्युटर आला. जुना चालायचा युनिक्सवर, नवा विंडोजवर. म्हणजे दोघांच्या सवयी वेगळ्या, सामान ठेवायची तऱ्हा वेगळी. जुन्यातला माल नव्यात आणायचा, तोही मध्ये एक केबल टाकून. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, त्यामुळे घरात सर्वानुमते ठरलं, की एवढं तर हिला आलंच पाहिजे.

मालकांनी आत्याला स्पष्टच सांगितलं होतं. "आत्याबाई, नव्या मशीनच्या कंपनीतला मुलगा यायला तयार आहे. तुमचा हात आता चालत नाही तेवढा. पण कुठलं डिझाइन कुठे आहे हे फक्त तुम्हाला ठाऊक. शनिवारी जुन्या गिऱ्हाईकबाई येतायत, त्यांना पूर्वीचा एक नमुना परत हवाय. नव्या कॉम्प्युटरवर तो काढून दाखवलात तर ही खुर्ची तुमची. नाहीतर पॅकिंगला बसा, तिथे सावलीही आहे."

"सावली!" घरी येऊन आत्याने ताट आपटलं. "मी काय कुंडीतलं रोप आहे?"

सोमवारी मी शहाणपणा केला. जुन्या कॉम्प्युटरच्या सगळ्या डिस्कचं एकच मोठं गाठोडं बांधलं आणि केबलवरून पाठवायला लागले. जुन्याचं नेटवर्क कार्ड म्हणजे दम्याचा पेशंट. चार पावलं चालतंय, थांबतंय. सहाला थोडंच राहिलं होतं. मी म्हटलं, "आत्या, आज एक दिवस—"

कट्.

गाठोडं अर्धवट, म्हणजे शून्य. मंगळवारी पुन्हा पहिल्यापासून, आणि सहाला पुन्हा कट्. मी हात जोडले. "अगं, फक्त या दोन कॉम्प्युटरांपुरती वीज राहू दे!"

"आणि आग लागली तर तुझं कॉलेज येणारे विझवायला?"

बुधवारी मी वैतागून गाठोड्याचा नाद सोडला. एकेक फोल्डर नुसता इकडून तिकडे कॉपी करत सुटले. स्विच पडला तरी आलेलं तेवढं तरी राहतं. गुरुवारी दुपारी सगळं आलं. फाइली मोजल्या, बरोबर. दोन-चार उघडल्या, सुंदर. मी आत्याला खुर्चीवर बसवलं आणि स्वतःची पाठ थोपटायला हात वर केला.

आत्याने यादी उघडली. वर गेली, खाली आली. चष्मा पुसला.

"काय गं, हे सगळं मी काल आणि आज केलं?"

प्रत्येक फाइलवर याच दोन दिवसांची तारीख होती. साध्या कॉपीत असं होतं. माल येतो, पण तो कधीचा हे मागेच राहतं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. "तारखेचं काय एवढं? नावावरून शोध की."

"कुठलं नाव?"

मग मी नावं नीट पाहिली. एका फाइलला नाव म्हणावं असं काही नव्हतं. जुना कॉम्प्युटर आपोआप द्यायचा तेच आकडे, एकासारखे एक. आत्याने उभ्या जन्मात एकाही डिझाइनला नाव दिलेलं नव्हतं!

"आत्या, अगं नावं नको का द्यायला?"

"नावं द्यायला काय पोरं आहेत ती? तारीख असते ना. तुझ्या बापाने पाय मोडून घेतला त्या आठवड्यात जहाज केलं. तुला गोवर आला तेव्हा बदकं. आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तो जिराफ. तारीख बघायची की सापडतं."

मला रडावं की भांडावं कळेना. आमच्या घरातली आजारपणं, अपघात आणि मरणं हीच कारखान्याची सूची होती. आणि ती मी केबलमध्ये सांडून आले होते. एकेक फाइल उघडून बघायची, तर नवा प्रोग्राम प्रत्येक वेळी जांभई दिल्यासारखा उघडतो. महिना गेला असता. आणि गिऱ्हाईकबाईंना हवा होता नेमका जिराफच.

आत्या आवाज न चढवता म्हणाली, "पॅकिंगचं टेबल खिडकीपाशी आहे का गं?"

ती हळू बोलली की मला भीती वाटते. "उद्या परत आणते," मी म्हटलं. "यावेळी तारखांसकट."

शुक्रवारी सकाळी पोचले तर जुना कॉम्प्युटर दारात, भंगारवाल्याच्या हातगाडीवर. जागा रिकामी करायची म्हणून मालकांनी त्याला एक दिवस आधीच बोलावलं होतं. पडदा तो पहिल्या खेपेत घेऊनही गेला होता.

"दादा, तो डबा ठेवा, आज लागणारे," मी म्हटलं.

"ताई, सौदा झालाय."

आत्या पुढे आली आणि पदर खोचून हातगाडीच्या कडेवर चक्क बसली. "ने आता. माझ्यासकट वजन कर."

"मावशी, उतरा, गाडी उलटेल!"

"उलटू दे. तुझीच गाडी आहे."

डबा आत आला. पडदा नव्हता, पण जीव होता. केबल लावून मी नव्या कॉम्प्युटरवरूनच त्याच्या आत शिरले आणि यावेळी टार नावाच्या आज्ञेने गाठोडी बांधली. या गाठोड्यात प्रत्येक फाइल आपली तारीख गळ्यात बांधून येते. आणि एक मोठं गाठोडं नाही, वर्षावर्षाची छोटी. सहाच्या आत एकेक पोचतं करायचं. शेवटचं उतरलं, मी ते सोडलं आणि तारखा पाहिल्या. जुन्या, खऱ्या, आत्याच्या. मी मान टेकवली तेवढ्यात कट् झालं. होऊ दे.

शनिवारी गिऱ्हाईकबाई आल्या. मालक मागे हात बांधून उभे. आत्याने आजी गेली त्याच्या आदल्या दिवसाची तारीख काढली. तिथे काहीच नव्हतं.

तिने माझ्याकडे बघितलं. असं बघणं शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

मी वेळांच्या रकान्यावर नजर टाकली. "आत्या, संध्याकाळचं काम तू पहाटे केल्यासारखं दिसतंय. जुन्यात परदेशातली वेळ लावलेली होती, त्यामुळे नव्यात सगळं दहा-अकरा तास पुढे सरकलंय. पुढचा दिवस बघ."

"पहाटे? मी काय भूत आहे पहाटे जिराफ काढायला?" असं पुटपुटत तिने पुढचा दिवस उघडला. एकच फाइल. लांब मानेचा जिराफ, डोळ्याचा एक चौकोन राहिलेला.

"अगदी हाच! याचा डोळा असाच होता," बाई म्हणाल्या.

आत्याने त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. "त्या संध्याकाळी निरोप आला, आई बोलावतीये म्हणून. तशीच उठले. डोळा भरायचा राहून गेला."

मालकांनी घसा साफ केला. "बसा, आत्याबाई. खुर्ची थोडी पुढे घेऊ का?"

"आहे तिथे बरी आहे."

बाई गेल्यावर मी नवी डिस्क जोडली. एवढ्या रामायणानंतर दुसरी प्रत हवीच. "आत्या, ही कॉपी सुरू करते. थोडा वेळ लागेल हं. आणि आता एकेक करून नावं द्यायला घे."

"घेते, घेते," ती म्हणाली आणि जिराफाच्या डोळ्यात चौकोन भरू लागली. तो भरून झाला, तिने नीट पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं आणि खुर्चीवरून उठली.

"आत्या, नको! अगं, अजून—"

कट्.

"चल, चपला घाल."