नवस माझा, बोलल्या जाऊबाई

माझ्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. साखरेचं दुखणं जुनं, रोज पोटात इन्सुलिनची सुई टोचून घ्यायची, त्यामुळे डॉक्टर म्हणाले, "बघू, नाहीतर अंगठा काढावा लागेल." मी घरी आले आणि भात टाकला. रडून काय भात शिजतो? माझ्या थोरल्या जाऊबाई मात्र तडक देवापुढे गेल्या आणि मला न विचारता माझ्या नावाने नवस बोलून मोकळ्या झाल्या. अंगठा राहिला तर धाकटी म्हसा गावच्या जत्रेला येईल, उपाशीपोटी आणि अनवाणी.

अंगठा राहिला. आता बोला! पायाच्या जखमेसाठी नवस, आणि फेडायचा अनवाणी. साखरेच्या बाईसाठी नवस, आणि तोही उपाशी. माझा देवावर भरवसा आहे, अगदी लहानपणापासून आहे. त्याच्या वतीने बोलणाऱ्या माणसांचीच काय ती मला धास्ती.

"बाय, माझ्या पायाला खडा टोचला तरी कळत नाय," मी त्यांना म्हटलं. आम्ही सगळ्या त्यांना बायच म्हणतो.

"चप्पल नाय घालायची, येवढंच बोललेय मी."

"मग मोजे चालतील?"

त्यांनी बराच विचार केला. "मोज्यांचं देवाशी काय बोलणं झालं नाय," त्या म्हणाल्या. मी लगेच मुलाचे जाडजूड मोजे काढले आणि एकावर एक दोन जोड चढवले.

उपासाचं मात्र त्या काही ऐकेनात. मग मीही मनाशी बेत केला. पिशवीच्या तळाशी बिस्किटांचा पुडा टाकला. मुरबाडच्या स्टँडवर बाय हार घ्यायला गेल्या की आपण खाऊन घ्यायचं. देव काय बिस्किटं मोजत बसतो? आमच्या धसईहून मुरबाड काही लांब नाही. म्हणून सकाळी नेहमीसारखी सुई घेतली आणि निघाले.

नैवेद्य बायंनी केला होता. नाकातोंडावर पदर बांधून त्यांनी गूळ आणि खोबरं किसलं, कारण देवाआधी नैवेद्याचा वासही आपण घ्यायचा नसतो. नव्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधली आणि एसटीत तान्ह्या पोरासारखी मांडीवर धरून बसल्या. त्यांच्या त्या पुरचुंडीला माझा धक्का लागला तरी डोळे वटारायच्या.

मुरबाडला त्या हार घ्यायला गेल्या. मी पिशवीत हात घातला, तळ चाचपला. पुडा नाही! एवढ्यात त्या परत आल्या आणि खुशीत म्हणाल्या, "बिस्किटं शोधतेस व्हय? घरीच काढून ठेवली गो. डोळ्यासमोर असली की मन होतं. नवस बाटायला नको." मी स्टॉलकडे वळणार, तोच म्हशाची जीप लागली. बायंनी माझा दंड धरला आणि मला आत कोंबलं. जत्रेच्या दिवसांत जीपमध्ये जागा मिळणं म्हणजे लॉटरीच. मी म्हटलं, चला, आता म्हशालाच काहीतरी खाऊ, देव आहे.

देव होता. पण वाटेत बैलही होता. जत्रेत विकायला चालवलेला एक धिप्पाड बैल रस्त्याच्या मधोमध फतकल मारून बसला होता. मालकाने शेपूट पिळलं, मिनतवाऱ्या केल्या, शिव्या घातल्या. बैल ढिम्म! मागेपुढे गाड्यांची रांग लागली. जीपमधली माणसं उतरून चालत पुढे गेली, ड्रायव्हर बैल उठवायला गेला. माझ्या पायांमुळे आम्ही दोघीच मागे राहिलो. दोन्ही बाजूंना वालाची शेतं, दुकान म्हणून दिसत नव्हतं.

बैलाची गंमत बघून मी हसत होते आणि हसता हसताच हात थरथरायला लागले. पौषाच्या थंडीत पाठीवरून घाम वाहायला लागला. ओठ बधिर झाले. हे मला ओळखीचं होतं. साखर उतरत होती, आणि अशीच उतरत गेली तर मी तिथेच बेशुद्ध पडणार होते. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. मनात म्हटलं, देवा, तू आहेस हे मला ठाऊक आहे, पण जरा लवकर ये.

"बाय, मला गोड पायजे. आताच्या आता."

"अगो, पन सकाळी सुई घेतलीस ना? मग ताकद कशी नाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे माणूस अशक्त झाला की डॉक्टर सुई देतात आणि माणूस उठून शेतावर जातो. सुई म्हणजे ताकद. बायंना इतकी वर्षं वाटत होतं की मीही रोज ताकदच टोचून घेते, म्हणून एक दिवस जेवले नाही तरी माझं काही बिघडणार नाही.

"सुई साखर खाली आणते," मी कसंबसं म्हटलं. जीभ जड झाली होती. "वर जेवले नाय तर... मी पडेन, बाय. मरेन."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी रस्त्याकडे बघितलं, शेतांकडे बघितलं, मग मांडीवर बघितलं. सकाळी त्यांच्या नाकातोंडावर पदर बांधलेला होता तो काही उगाच नव्हता. ही बाई देवाआधी कधी फूलसुद्धा हुंगत नाही. तिने दातांनी पुरचुंडीची गाठ सोडली. मुठीत गूळ घेतला आणि माझ्या तोंडात कोंबला.

"खा. खा गो माझी बाय. अजून खा." एका हाताने भरवत होत्या, दुसऱ्या हाताने माझा घाम पुसत होत्या आणि स्वतः ढसाढसा रडत होत्या. हळूहळू हाताची थरथर थांबली. मला त्यांचा चेहरा नीट दिसायला लागला आणि मग मीही रडले. पुढे बैल आपल्या मर्जीने उठला आणि शेपूट हलवत चालायला लागला.

देवळात आम्ही रांगेने पोचलो. सगळ्यांच्या ताटांत नैवेद्य, बायंच्या हातात हार आणि गुळाने चिकट झालेलं रिकामं फडकं. ते त्यांनी लपवलं नाही. देवापुढे धरलं आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "देवा, तुझा गूळ हिनं खाल्लाय. मीच भरवलाय. राग आला तर माझ्यावर काढ."

मागची माणसं "आटपा, आटपा" म्हणून ओरडायला लागली. बाय जागच्या हलल्या नाहीत. माझा हात घट्ट धरून त्यांनी पुन्हा मान वर केली.

"पुढल्या वर्साला पन हिला घेऊन येते. चप्पल घालून येईल. आनि देवा, ऐकून ठेव, पोटभर जेवून येईल."