बुसानकार आणि माझी फेणी

बुसानकार स्वतःचा ग्लास स्वतः कधी भरत नसे. लग्न असो की शिमगा, समोर बाटली असली तरी हा गृहस्थ रिकामा ग्लास पुढ्यात ठेवून गप्प बसून राही. दुसऱ्या कुणी ओतलं तरच घ्यायचं, आणि तेही दोन्ही हातांनी, देवळात प्रसाद घ्यावा तसं. "सोजूची, कोरियातल्या दारूची रीत ही," तो म्हणायचा. "आपली तान आपण भागवची नाय. शेजाऱ्यान भागवची." लोक माना डोलवायचे. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा.

नाव त्याचं नारायण. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. कोरगावच्या शाळेत माझ्या मागून चालायचा. पुढे मी वडिलांची काजूची भट्टी धरली आणि तो बोटीवर तारवटी झाला. मुरगावहून खनिज घेऊन गेलेली त्याची बोट कोरियात, बुसान बंदरात दुरुस्तीला अडकली आणि हा दोन महिने तिथं राहिला. दोनच महिने! तेवढ्यावर जन्मभराची मिजास. नोकरी सोडून गावी आला तरी प्रत्येक तिसरं वाक्य 'बुसानात आमी' असं सुरू. गावानं नाव ठेवलं बुसानकार. मी जन्म भट्टीत घातला, मला कुणी साधं भट्टीकार म्हटलं नाही.

संध्याकाळ झाली की त्याच्या घरापुढचा बलकांव, तो बसायचा ओटा, बुसानच्या गोष्टी ऐकणाऱ्या माणसांनी भरायचा. मी कधी गेलो नाही. "दादा, एकदा तरी येवन बस मरे," रस्त्यात भेटला की तो म्हणायचा. "आणि भट्टी कोण बघतलो? तू?" मी म्हणायचो. पण म्हणून सुटका होती थोडीच? तीच माणसं माझ्या भट्टीवर येऊन, माझीच फेणी पीत, मला सोजूचं पुराण ऐकवायची. म्हणे गव्हाच्या भरड्याची ढेप आंबवायची, ती शिजवलेल्या भातात मिसळून मातीच्या रांजणात फसफसू द्यायची, मग मडक्यावर मडकं चढवून थेंब थेंब उतरवायचं. कुणा म्हातारीनं त्याला घरी नेऊन हे सगळं दाखवलं होतं. दुकानातल्या हिरव्या बाटलीतली सोजू वेगळी; ती रताळ्याबिताळ्याची, पाणी आणि गोडवा घातलेली. भाताची ती असली. "म्हातारीची मडकी बघून दादाची भट्टी याद आयली, असं सांगत होता," एकानं मला मुद्दाम सांगितलं. मला तेही बोचलं. माझी भट्टी आठवायला याला बुसान लागतं!

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षाची गोष्ट. गावात भाषेवरून दोन तट पडले होते. मी मराठीचा, तो कोकणीचा. आता मी त्याच्याशी भांडायचो ते कोकणीतूनच, ती गोष्ट निराळी. राज्य झाल्याच्या आनंदात दोन्ही तटांची माणसं माझ्या भट्टीवर जमली. बुसानकार जपून ठेवलेली शेवटची हिरवी बाटली घेऊन आला. प्रत्येकाला बोट बोट सोजू मिळाली. मीही चाखली. मवाळ, किंचित गोड, नाकाला अजिबात न झोंबणारी. आवडली मेली, हेच तर दुखणं!

मग मी उठलो. त्या मोसमातली सगळ्यांत कडक फेणी काढली, बाटली हलवून वर येणारे बुडबुड्यांचे मणी सगळ्यांना दाखवले आणि पहिला ग्लास त्यालाच भरला. बघू दे गावाला, म्हटलं. त्यानं दोन्ही हातांनी ग्लास घेतला. आणि ऐन प्यायच्या वेळी माझ्याकडे पाठ केली, तोंडावर हात धरला आणि भिंतीकडे बघत घटकन संपवला.

बाहेरगावचे लोक फेणीच्या वासानं असंच तोंड फिरवतात. पण कोरगावात जन्मलेल्या माणसानं? माझ्याच भट्टीत, चारचौघांत? माझी कानशिलं तापली. बाटलीला बूच मारलं आणि आत ठेवून दिली. पुढच्या वर्षी तो नेहमीसारखा रिकामी बाटली घेऊन आला तेव्हा सांगितलं, "संपली." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. फेणीनं भरलेले काचेचे गर्राफांव त्याला समोर दिसत होते. "असूं दी, दादा," म्हणायचा आणि जायचा. मग यायचाच बंद झाला. गावाला वाटलं, भाषेवरून बिनसलं. मी तसंच वाटू दिलं.

अशी आठ-नऊ वर्षं गेली आणि बुसानकार गेला. दिवसकार्य झाल्यावर मी त्याच्या बलकांवात जाऊन बसलो, पहिल्यांदाच. त्याची बायको सुमन आतून एक अर्धी बाटली घेऊन आली. बूच काढताच वासावरून ओळखली. माझीच फेणी.

"ही खंयची?" मी विचारलं.

"म्हापशाची. तुमची फेणी ठेवता तो दुकानदार तेणी सोधून काडलेलो. वर्साक एक बाटली शुक्रवारच्या बाजारातून हाडीत. घरात एकटे आसले तरी वणटीकडे तोंड करून पियत. 'दादाची फेणी म्हणजे दादा समोर आसा' म्हणत."

"वणटीकडे कित्याक?" मी समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "थोरांच्या समोर तोंड करून पिवचां नसता, ती सोजूची रीत मां? ह्याच बलकांवात बसान कितके वेळां सांगल्यानी! पोराटोरांक म्हायत आसा. तुमकां नाय?"

मला नाही. साऱ्या गावाला ठाऊक, एक मला सोडून. ऐकायला मी आलोच कधी होतो?

खरं सांगतो, तेव्हाही मी त्याच्यावर जळलोच. मी सरळ तोंडावर खोटं बोलायचो आणि हा म्हापशाला जाऊन माझी बाटली विकत घ्यायचा, वर मलाच मान द्यायचा! मेल्यावरसुद्धा यानं मला खाली बघायला लावावं?

ग्लास पुढ्यात होता, बाटली हाताशी होती. मी हात लावला नाही. बऱ्याच वेळानं सुमनच्या लक्षात आलं आणि तिनं ओतली. मी दोन्ही हातांनी ग्लास घेतला. समोर नारायणचा फोटो होता. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा; रीतीप्रमाणे मला तोंड फिरवायचं काही कारण नव्हतं. मी फिरवलं.