बिनकामाचा के

"ह्याला आदी काढा तिथून," असं म्हणत ती काठीचं टोक भिंतीकडे रोखायची. मग चपला काढायची आणि मग खाटेवर चढायची. भिंतीवर गुडघ्याचं मोठं चित्र होतं. त्यावर ठळक लाल अक्षरांत गुडघ्याचं इंग्रजी नाव: एन, ई, ई आणि त्यांच्या आधी के. तिचं भांडण त्या के-शी होतं.

मी कर्जतला फिजिओथेरपिस्ट आहे. एक खोली, दोन खाटा, एक जागेवरची सायकल आणि हे चित्र, एवढाच माझा पसारा. ती माझी पेशंट, जवळच्या पोशीर गावची, साठी ओलांडलेली. बांधावरून घसरून तिच्या गुडघ्याची वाटी फुटली होती आणि प्लास्टर निघालं तेव्हा पाय लाकडासारखा ताठ झाला होता. शाळेत आठवीपर्यंत गेलेली, त्यामुळे दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची. पहिल्याच दिवशी तिनं वाचलं, "क्नी."

"के बोलायचा नाही मावशी. नुसतं नी."

"बोलायचा नाय तर लिवला कशाला?"

मी तिचा पाय वाकवायला घेतला, ती के-कडेच बघत होती.

"माझ्या जावंसारखा हाय. फोटोत सगळ्यांच्या पुढं, भांडी घासायला नाय."

काही माणसांना दुसऱ्याचा आळस स्वतःच्या दुखण्याहून जास्त टोचतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. ती त्यातली होती. एका दुपारी तिचा फोन आला. पुन्हा पडली की काय म्हणून मी हातातलं काम सोडून तो घेतला.

"बाई, चाकूत पण घुसलाय तो!"

नातीच्या पुस्तकात तिला 'नाइफ' सापडला होता. मी फोन ठेवला. पण दिवसभर हसू येत राहिलं.

तिला घाई होती ती भाताच्या लावणीची. मुलगा आणि सून दोघंही खालापूरकडे कंपनीत. मजूर मिळत नाहीत, सगळे फार्महाउसच्या बागांवर जातात. म्हणून गावात अजून जुनी रीत चालते: आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. दिवसाला दिवस फेडायचा. "मी कुणाच्यात गेले नाय, तर माझ्यात कोण येनार? दोन खाचरं हायत. एकदा पडीक टाकली, की मुलगा विकूनच मोकळा व्हनार," ती म्हणाली. हे सांगताना तिनं के-चं नाव काढलं नाही. तेव्हा मला कळलं की हे खरं दुखणं.

पण घरी ती व्यायाम करत नव्हती. पाय वाकवून बघितला की लगेच समजतं. विचारलं तर म्हणाली, "घरात दिवसाढवळ्या पाय वर करून पडायचं? सुनेला कुनी सांगितलं तर काय म्हनंल ती?" आमच्या भागात हे नेहमीचं आहे. दुखरा पाय हलवायचा नाही, तेल लावून झाकून ठेवायचा, ही समजूत. आणि एकटीनं जमिनीवर पडून पाय उचलणं म्हणजे खूळ.

"एकटीला लाज वाटते, तर चारचौघी मिळून करा," मी जरा तुटकच बोलले. बाहेर पेशंट खोळंबले होते.

पुढच्या खेपेला गुडघा चांगला वाकला. त्यापुढच्या खेपेला आणखी. मी चौकशी केली, तर तिनं शेजारच्या गुडघेदुख्या बायका गोळा केल्या होत्या. दुपारची जेवणं उरकली की एकीच्या ओट्यावर सगळ्या ओळीनं आडव्या. आज हिच्या ओट्यावर, उद्या तिच्या. मावशी काठी टेकत रोज वेगळ्या घरी जायची आणि सगळ्यांकडून करून घ्यायची. पाय वर नेताना सगळ्यांनी लांबलचक "केऽऽ" म्हणायचं, खाली आणताना "नी".

"त्याला काम लावलंय," ती म्हणाली. "फुकट बसून खानार काय?"

लावणीच्या तोंडावर मी तिला तपासलं. चालत ठीक होती. पण चिखलात पाय रुतला, तो ओढून काढताना झटका बसला, तर सगळं मुसळ केरात. मी स्पष्ट सांगितलं, "यंदा खाचरात उतरायचं नाही."

तिनं वादच घातला नाही. "बरं," म्हणाली आणि काठी घेऊन निघाली. जाताना भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. मला ते आवडलं नाही.

आठवड्याभरात मी पोशीरला गेले. ती चोरून उतरली असणार, याची मला खात्री होती. बघते तर ती बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्यावर इरलं, मांडीवर रोपांच्या मुठी. खाचरात तिच्या ओट्यावरच्या सगळ्या बायका वाकलेल्या.

"सरळ लाव गं, नागीन चालल्यागत काय लावतीस!"

"तू गप बस गं म्हातारे, नायतर घालते चिखल डोक्यात!"

मी त्यांतल्या एकीला बांधाशी गाठून विचारलं, "ही तर यंदा कुणाच्याच शेतात गेली नाही. मग तुम्ही कशा आलात?"

ती कंबर सरळ करत उठली. "आमच्या ओट्यावर येत व्हती ना, उनातानाची? तो काय दिवस नाय?"

माझ्या कॉलेजात गुडघ्याचे सगळे स्नायू पाठ करून घेतले होते. व्यायाम माणसाच्या घरात कसा शिरवायचा, ते मी त्या ओट्यावरून शिकले. आता पेशंटला एकटीनं करा असं मी सांगत नाही. शेजारीण घेऊन या म्हणते. माझं काम त्यामुळे चालतं, हे साधं सत्य आहे, आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

पुढच्या थंडीत ती झोपेतच गेली. हृदय बंद पडलं. गुडघा शेवटपर्यंत उत्तम होता.

त्यानंतरच्या पावसात मी पोशीरला गेले. तिच्या दोन्ही खाचरांत रोपं उभी होती. सुनेनं सुट्टी काढून बायकांचे दिवस फेडले होते, पाय सुजेपर्यंत. ओट्यावर सगळ्या ओळीनं आडव्या होत्या. भिंतीकडची एक जागा रिकामी होती.

मी चपला काढल्या आणि तिथे आडवी झाले.

"अगं बाई, तुमी?"

"गुडघे मलाही आहेत," मी म्हटलं. "उद्या कुणाच्या ओट्यावर?"