‘फुडं काय’ मावशी

मिशनच्या आवारात कुणी मोठ्या दुखण्यातून उठलं की भेटायला येणाऱ्यांत मावशी हमखास असायची, आणि तिचा प्रश्नही ठरलेला असायचा. बाकीची मंडळी मोसंबी आणायची, प्रार्थना करायची, देवाचे उपकार मानायची. मावशी खाटेच्या पायथ्याशी बसून पांघरूण सारखं करायची आणि शांतपणे विचारायची, "जगलास, लय ब्येस झालं. फुडं काय?" पेजेपलीकडचं काही न सुचणारा तो बिचारा आढ्याकडे बघत राहायचा. आवारातल्या पोरांनी तिचं नावच ‘फुडं काय’ मावशी पाडलं होतं. ते तिच्या कानावर गेलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली की बरं झालं, निदान प्रश्न तरी लोकांच्या ध्यानात राहील.

ती मिरजेच्या मिशनची बायबलबाई होती. पांढरं लुगडं, काळी छत्री आणि काखेत शुभवर्तमानातल्या चित्रांची गुंडाळी, असा तिचा सरंजाम. तासगावच्या वाटेवरची गावं, औंधाकडचे बाजार, कुठे कुठे ती पायी जायची. विहिरीवरच्या बायकांना चित्रं दाखवायची, पण त्याआधी त्यांच्या घागरी उचलून द्यायची. तिचं स्वतःचं माणूस कुणी नव्हतं. साताऱ्याकडच्या एका खेड्यात प्लेगात तिचं घरदार एका आठवड्यात संपलं होतं आणि ती एकटी मागे उरली होती. "लय वर्सं मी देवाला इचारलं, मलाच का ठेवलंस? मी काय त्यांच्यापरीस चांगली हुते?" ती सांगायची. "मग कळलं, तसं न्हाई त्ये. भाकरी उरली तर ती कुनाच्या तरी तोंडात जायाची असती."

तिच्या प्रश्नाला मोठमोठी उत्तरं दिलेली तिला मुळीच खपायची नाहीत. एकदा देवाचा अनुभव सांगायच्या साक्षीच्या सभेत एका गृहस्थांनी डोळे मिटून जाहीर केलं की आता माझं उरलेलं आयुष्य सगळ्या जगासाठी. मावशीने मागून विचारलं, "आन् घरात पानी कोन भरतंय?" सगळी सभा हसली, त्यांची बायको सगळ्यांत जास्त. मात्र दुकानाच्या आगीतून जेमतेम बाहेर पडलेल्या मिरजेच्या एका सतारमेकर चाचांनी "आता काय, परत भोपळे आणायचे, वाद्यं करायची" असं सांगितलं, तेव्हा ती खूश होऊन घरी आली होती.

हे सगळं मला गमतीचं वाटायचं, माझी पाळी येईपर्यंत.

लढाईत मी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ट्रक चालवत होतो. डोंगरातल्या एका वळणावर आमची गाडी दरीत गेली. बरोबरचे तिघे गेले, मी झुडपात फेकला गेलो म्हणून राहिलो. लढाई संपल्यावर घरी आलो, तेव्हा आवारात उपकारस्तुतीची सभा भरली आणि त्या सभेत मला पहिल्यांदा कळलं, की माझ्या आईने देवाला शब्द दिला होता. पोरगा जिता परत आला तर त्याला चर्चचा पाळक करीन. सगळ्या मंडळीसमोर ती हे बोलून बसली होती. पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जूनमध्ये मला धर्मशिक्षणाला पाठवायचंही ठरवून टाकलं, आणि दोस्त मंडळी आत्तापासूनच मला ‘साहेब’ म्हणू लागली.

मी मात्र आतून पार खचलो होतो. चार माणसांसमोर प्रार्थना करायची म्हटलं तरी माझी जीभ टाळूला चिकटायची. मला मोटारीचं वेड, दुसरं काही येत नव्हतं आणि नकोही होतं. पण आईला नाही म्हणायचं कसं? तिचं आजोळ औंधाकडचं. लहानपणी तिने यमाईला बोललेले नवस आणि ते फेडायची लोकांची घाई पाहिली होती. प्रभूच्या पदरी येऊन तिला तीस वर्षं झाली होती, तरी बोललेलं पाळलं नाही तर देव दिलेलं माणूस परत नेतो, ही भीती तिच्या मनातून गेली नव्हती. मला साधी शिंक आली तरी तिचा चेहरा उतरायचा. तिच्या जिवाला घोर लावून मी गाडी चालवणार, की देवाशी खोटं बोलून पाळक होणार? अन्नावरची माझी वासनाच उडाली.

मावशी तेव्हा खेड्यांवर गेली होती. ती परत आल्याचं कळलं तसा मी तिला टाळू लागलो. शेवटी तिने मला दवाखान्याच्या बंद पडलेल्या मोटारीखाली गाठलं. मी उताणा झोपून नट आवळत होतो आणि माझ्या डोक्याशी तिच्या धुळीने भरलेल्या वहाणा येऊन थांबल्या. तिने काही विचारायच्या आत मीच सगळं सांगून टाकलं. मोटारीखाली तोंड दिसत नाही, हे एक बरं असतं. मावशीने छत्रीने मोटारीचा पत्रा वाजवला. मग म्हणाली, "हात धू आन् घरी चल."

आई चुलीपाशी होती. मावशीने पाट ओढून घेतला आणि आडवळण न घेता सांगितलं की पोराला पाळक व्हायचं नाही. आईने भाकरी तव्यावरच सोडली.

"आवं मावशी, मी शब्द दिलाय देवाला."

"काय दिलास?"

"त्याला देवाला दिला."

"मग दिलास न्हवं? दिल्यालं मानूस कुठं ठिवायचं, त्ये आता देव बघंल. तू का सांगतीस?"

भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा मावशीनेच ती उतरवली.

"आन् शांते, त्यानं पोराला सोडवलं त्ये तुज्याशी सौदा करून न्हाई. त्यानं आदी दिलं, फुकट दिलं. देवानं तारनं असंच असतंय. मागनं आपुन राबतो त्ये आनंदानं, भ्यानं न्हाई."

"मग त्यो रागवायचा न्हाई?" आईने अगदी लहान आवाजात विचारलं.

"रागवायला त्यो काय तुजी सासू हाय?"

आई रडता रडता हसली. किती महिन्यांनी मी तिला असं हसताना पाहत होतो! छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं मला झालं. त्या दिवशी मी करपलेल्या भाकरीसकट सगळं जेवलो आणि आई वाढत राहिली.

पुढे मी मिरज-तासगाव सर्व्हिस मोटारीवर लागलो. मावशी माझ्या शेजारच्या जागेवर बसायची आणि वाटेत कुठेही गाडी थांबवायला लावायची. कुणी बाळंतीण अडलेली, कुणी फणफणलेलं पोर घेऊन उभं. उतारू कुरकुरले की ती त्यांच्यापैकीच एखाद्याच्या मांडीवर ते पोर ठेवायची. दवाखान्याच्या दारात किती माणसं मी अशी उतरवली असतील! त्यांतली बहुतेक आपल्या पायांनी घरी गेली. मला ती गाडी मनापासून आवडायची.

तीन-चार वर्षांनी मावशी गेली. दोन दिवसांच्या तापात, कुणाला फारसा त्रास न देता. तिला मातीआड करायला खेड्यांतून एवढे लोक आले, की मला गाडीच्या तीन खेपा कराव्या लागल्या. मी पोरका झाल्यासारखा रडलो, लाज वाटली नाही.

त्या विधीला साताऱ्याहून नवे पाळक आले होते. ते सगळ्यांची ओळख करून घेत होते. आईला त्यांनी विचारलं, "आणि हा तुमचा मुलगा काय करतो?"

आईने डोळे पुसले, पदर नीट केला आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "देवाच्या कामावर हाय. तासगावची गाडी चालवतो."